फळाआधीचं क्रियापद

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहातली अगदी पहिली गोष्ट बेडकाची आहे. राजकन्येचा सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो. बेडूक तो काढून देतो, पण त्याआधी वचन घेतो: तुझ्या ताटात जेवीन, तुझ्या पेल्यातून पिईन, तुझ्या बिछान्यात झोपेन. चेंडू हातात येताच ती पळून जाते. दुसऱ्या दिवशी बेडूक संगमरवरी पायऱ्या चढत, पचक पचक करत राजवाड्याच्या दाराशी येतो. तिचे वडील तिला दोन गोष्टी बजावतात. दिलेला शब्द पाळायचा, आणि अडचणीत ज्याने मदत केली त्याला नंतर झिडकारायचं नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर तात्पर्य लिहायला क्षणही लागला नसता. पण ती पुढे जाते. राजकन्या बेडकाला दोन बोटांत धरून वर नेते आणि कोपऱ्यात ठेवते. तो म्हणतो, मला बिछान्यात घे, नाहीतर तुझ्या वडिलांना सांगेन. तेव्हा तिचा संताप अनावर होतो. ती त्याला उचलते आणि अंगातलं सगळं बळ लावून भिंतीवर आपटते. खाली पडतो तो बेडूक नसतो, राजपुत्र असतो. या गोष्टीत चुंबन ग्रिमच्या पानांवर कुठेच नाही.

म्हणजे वडिलांचा उपदेश एका दिशेला जातो आणि बक्षीस भलत्याच दिशेने येतं. शब्द पाळल्याबद्दल राजपुत्र मिळाला म्हणावं, तर तिने तो अखेरपर्यंत पाळलाच नाही. शब्द मोडल्याबद्दल मिळाला म्हणावं, तर राजाची वाक्यं कथेत कशाला? अनेक पुनर्कथनांनी ही अडचण आपटण्याच्या जागी चुंबन घालून सोडवली. तात्पर्य सरळ झालं, पण गोष्टीतला सगळ्यात जिवंत क्षण हातचा गेला. वडिलांच्या शब्दाखातर आपल्या खोलीपर्यंत आलेल्या नकोशा पाहुण्याला ही मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या बळावर ‘नाही’ म्हणते, आणि त्या क्षणी जादू तुटते.

परीकथेची नीती शोधायची असेल तर पात्रं काय बोलतात याच्याकडे थोडं दुर्लक्ष करावं आणि एकच गोष्ट तपासावी. नायकाला किंवा नायिकेला काहीतरी मिळतं, त्याच्या लगेच आधी त्यांनी काय केलं? फळाच्या आधीचं क्रियापद कोणतं? बेडकाच्या गोष्टीत ते ‘आपटलं’ आहे. ‘पाळलं’ नाही. पेन्सिल घेऊन एकेका गोष्टीत हे क्रियापद अधोरेखित करत गेलं की लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या कथाही वेगळ्या दिसू लागतात.

सिंड्रेलाचंच पाहा. तिची आपल्याला ओळखीची असलेली गोष्ट, म्हणजे भोपळ्याची बग्गी, सहा उंदरांचे घोडे, मिशाळ घुशीचा गाडीवान, सहा सरड्यांचे नोकर आणि काचेचा बूट, फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या 1697 मधल्या आठ गद्य कथांच्या संग्रहातून आली. या सिंड्रेलाच्या फळाआधीचं क्रियापद आहे ‘रडली’. बहिणी मेजवानीला गेल्या, ती रडत बसली आणि तिची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची पाठराखण करायला नेमलेली बाई, समोर आली; ही धर्ममाता परी होती. पेरोने प्रत्येक कथेच्या शेवटी तात्पर्याचं पद्य जोडलं आहे, काही कथांना तर दोन दोन. सिंड्रेलाचं पहिलं तात्पर्य अपेक्षित आहे: सौंदर्यापेक्षा शालीनता मोलाची. दुसरं मात्र वाचणाऱ्याला थबकायला लावतं. बुद्धी, धैर्य, चांगलं कूळ हे सगळं असणं उत्तमच, पण पाठीशी धर्मपिता किंवा धर्ममाता नसेल तर त्याचा उपयोग नाही, असं ते सांगतं. पेरोने आयुष्याची कितीतरी वर्षं चौदाव्या लुईच्या राज्यकारभारात काढली होती आणि माणूस वर कसा चढतो हे जवळून पाहिलं होतं. शालीनतेचं तात्पर्य पहिल्या पद्यात ठेवून त्याने खरं निरीक्षण दुसऱ्यात नोंदवलं, असं माझं मत आहे. मुलांच्या पुस्तकांत मात्र सहसा पहिलंच उरतं.

ग्रिमची सिंड्रेला वेगळीच मुलगी आहे. तिला धर्ममाता नाही. वडील जत्रेला निघतात तेव्हा सावत्र बहिणी कपडे आणि मोती मागतात. ही म्हणते, परतीच्या वाटेवर जी पहिली डहाळी तुमच्या टोपीला लागेल ती तोडून आणा. डहाळी हेझलच्या झाडाची निघते. ती आईच्या थडग्यावर लावते, आसवांनी वाढवते आणि दिवसातून तीनदा तिथे जाते. पुढे मेजवानीची वेळ येते. सावत्र आई राखेत परातभर मसूर ओतते आणि दोन तासांत निवडायला सांगते. कबुतरांच्या मदतीने ते होतं. मग ती दोन पराती मसूर ओतते आणि एकच तास देते. तेही होतं. आणि तरीही सावत्र आई तिला नेत नाही.

या जागेवर थोडं थांबायला हवं, कारण ‘कष्टाचं फळ मिळतं’ हे तात्पर्य याच गोष्टीच्या गळ्यात हमखास अडकवलं जातं. गोष्ट नेमकं उलट दाखवते. कष्ट पूर्ण झाले, दिलेल्या वेळेच्या आत झाले, दोनदा झाले, आणि हाती काही आलं नाही. मग ती थडग्यापाशी जाते आणि झाडाला म्हणते, हाल, डोल, माझ्यावर सोनं-रुपं ओत. फळाआधीचं क्रियापद ‘निवडले’ नाही, ‘मागितलं’ आहे. ज्याला आपलं भलं करायचंच नाही त्याच्या अटी पुऱ्या करत बसू नये, जिथून मिळू शकतं तिथे जाऊन मागावं. इतकी धारदार शिकवण राखेतल्या मसुरांमध्ये पडलेली असते आणि आपण तिच्यावरून ‘मेहनत करा’ असं वाचून पुढे जातो.

आज्ञापालनाच्या तात्पर्याचीही तीच गत आहे. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून परीकथा सांगतात, असा सर्वसाधारण समज आहे. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये रशियन जादूकथांची उकल करून त्यांच्या कथानकाचे 31 टप्पे मांडले. पहिला टप्पा: घरातलं कुणीतरी बाहेर जातं. दुसरा: मनाई केली जाते. तिसरा: मनाई मोडली जाते. प्रत्येक कथेत सगळे टप्पे असतातच असं नाही, पण क्रम तोच राहतो. म्हणजे या साच्यात मनाई येते ती मोडली जाण्यासाठीच. ‘ते दार उघडू नकोस’ हे वाक्य ऐकताच सगळ्यात लहान श्रोत्यालाही कळतं की दार उघडणार. न उघडलं तर गोष्टच नाही. ज्या यंत्राचा पहिला दात आज्ञाभंगाने फिरतो, त्यातून आज्ञापालनाचं पीठ पडेल अशी अपेक्षा धरली की गोष्ट वाकवावी लागते.

पेरोची निळ्या दाढीवाल्याची कथा हे त्याचं ठळक उदाहरण. नवरा किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या हाती देतो आणि एक लहान खोली उघडायची नाही असं बजावून प्रवासाला जातो. ती उघडते. आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं असतात. किल्ली रक्तात पडते आणि डाग काही केल्या निघत नाही. पेरो तात्पर्यात कुतूहलाला दोष देतो. पण तिने कुतूहल दाबलं असतं तर काय झालं असतं? ती एका खुन्याच्या घरात काहीही न कळता राहिली असती. कथेच्या शेवटी ती भावांच्या मदतीने वाचते, त्याची सगळी संपत्ती तिला मिळते, आणि ती त्यातून बहिणीचं लग्न लावून देते, भावांना सैन्यात कप्तानपदं घेऊन देते. इतकं भरघोस बक्षीस देणारी कथा कुतूहलाला शिक्षा करते आहे, हे मला पटत नाही.

ज्या कथांमध्ये नीती खरोखर नितळ आहे, तिथे ती लहानशा वागणुकीत असते. ग्रिमच्या चोविसाव्या कथेत, फ्राऊ होलेच्या गोष्टीत, मुलगी विहिरीत उडी मारते आणि एका कुरणात जागी होते. पुढे भट्टीतला पाव ओरडतो: मला बाहेर काढ, मी कधीचा भाजून झालोय. ती एकेक करून सगळे काढते. सफरचंदाचं झाड म्हणतं: मला हलव, फळं पिकली आहेत. ती झाड हलवते आणि पडलेल्या फळांची रास करून मगच निघते. तिसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्या फ्राऊ होलेची गादी झटकायची असते, इतकी की पिसं उडावीत, म्हणजे पृथ्वीवर बर्फ पडतो. परत येताना तिच्या अंगावर सोनं बरसतं. सावत्र बहीण सोन्यासाठी तेच करायला जाते. पावाला म्हणते, मी काय हात काळे करू? झाडाला म्हणते, एखादं सफरचंद डोक्यात पडलं तर? गादीचं काम एक दिवस नीट करते, दुसऱ्या दिवशी कंटाळते. तिच्यावर डांबर पडतं आणि जन्मभर निघत नाही.

ही कथा आळस आणि उद्योग या जोडीत बसवतात, आणि कथेतले शब्दही तेच आहेत. पण पाव आणि झाड यांचं काम कुणी तिच्यावर सोपवलेलं नव्हतं, त्याची मजुरी ठरलेली नव्हती. फळाआधीचं पहिलं क्रियापद इथे ‘ऐकलं’ आहे. वाटेवर कुणी हाक मारली आणि ती थांबली. ग्रिमच्याच राणीमाशीच्या गोष्टीत तीन भाऊ निघतात. मोठ्या दोघांना मुंग्यांचं वारूळ उकरायचं असतं, बदकं भाजून खायची असतात, मधासाठी झाडाला धूर द्यायचा असतो. धाकटा, ज्याला सगळे भोळसट म्हणतात, प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलतो: त्यांना सुखाने राहू द्या. पुढे शापित वाड्यात त्याला शेवाळाखालचे हजार मोती गोळा करायचे असतात तेव्हा मुंग्यांचा राजा 5000 मुंग्या घेऊन येतो. बदकं तळ्यातून किल्ली काढतात. झोपलेल्या तीन सारख्या राजकन्यांपैकी मध कुणी खाल्ला हे राणीमाशी ओठांवर बसून दाखवते.

इथे तीनचा हिशेब कसा चालतो हे सांगणाऱ्याने नीट ओळखायला हवं. पहिल्या खेपेला नियम कळतो, दुसऱ्या खेपेला तो पक्का होतो, तिसरीला त्याचं फळ मिळतं किंवा तो मोडतो. घाईत असलेला माणूस नेमकी मधली खेप गाळतो, कारण तिच्यात ‘नवीन काही नसतं’. मग तिसरी खेप योगायोगासारखी वाटते. धाकट्याने एकदा मुंग्यांना वाचवलं तर ती लहर असू शकते. तीनदा वाचवलं की तो स्वभाव ठरतो. नीती पोचते ती त्या पुनरावृत्तीतून, म्हणून मधल्या खेपेची वाक्यं शब्दशः पहिल्यासारखीच ठेवावीत.

आपण ज्याला ‘मूळ’ ग्रिम म्हणतो तेही अनेकदा बदललेलं आहे, हे नीतीचा विचार करताना विसरून चालत नाही. पहिला खंड 1812 मध्ये 86 कथांचा निघाला, दुसरा 1815 मध्ये. 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कथा 200 झाल्या आणि त्यांसोबत मुलांसाठीच्या 10 धर्मकथा होत्या. या मधल्या काळात मुख्यतः विल्हेल्म ग्रिम कथांवरून हात फिरवत राहिला. 1812 च्या हिमगौरीला मारायला निघालेली तिची सख्खी आई आहे. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र होते. हॅन्सेल आणि ग्रेटेल या चेटकिणीच्या तावडीत सापडणाऱ्या भावंडांना जंगलात सोडा म्हणणारी आई 1840 मध्ये सावत्र झाली. 1812 ची रॅपन्झेल, म्हणजे मनोऱ्यात कोंडलेली आणि आपल्या लांब केसांनी माणसांना वर ओढणारी मुलगी, म्हाताऱ्या बाईला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागले? नंतरच्या आवृत्त्यांत गरोदरपणाची ही खूण पुसली गेली. तिथे ती एवढंच म्हणून जाते की राजपुत्रापेक्षा तुम्हालाच वर ओढायला जड जातं.

हे बदल साधे वाटतात, पण तात्पर्य पार फिरवतात. सख्खी आई असताना गोष्ट सांगत होती की घरात अन्न संपलं किंवा मत्सर शिरला की रक्ताचं नातंही टिकेल याची खात्री नाही. सावत्र आई आल्यावर दोष एका परक्या बाईवर गेला आणि घर पवित्र राहिलं. सावत्र आई दुष्टच असते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या या कथांनी मुलांच्या मनात पेरली, आणि तिच्यामागे संपादकाची लेखणीही होती. ज्या घरात खरोखर सावत्र आई आहे तिथे ही गोष्ट सांगताना 1812 चा पाठ वापरायला काहीच हरकत नाही. किंवा नुसतं ‘राणी’ म्हणावं. गोष्टीचं काही बिघडत नाही.

शिक्षांबाबतही लोकांचा अंदाज चुकतो. काळ पुढे सरकेल तशी क्रूरता कमी होत गेली, असं वाटतं. 1812 ची ग्रिमची सिंड्रेला बूट पायात बसल्यावर संपते. लग्नात कबुतरं बहिणींचे डोळे फोडतात हा भाग 1819 मध्ये आला. लैंगिक सूचना कापल्या गेल्या, शिक्षा मात्र वाढल्या, कारण दुष्टांना शासन झालेलं दिसणं त्या संपादकाच्या लेखी मुलांसाठी हितकारकच होतं. पेरोची सिंड्रेला मात्र बहिणींना क्षमा करते आणि दरबारातल्या दोन सरदारांशी त्यांची लग्नं लावून देते. एकाच कथेची दोन टोकाची नैतिक उत्तरं हाताशी आहेत. निवड सांगणाऱ्याची असते, पण निवड करतोय हे त्याला ठाऊक असावं.

शिक्षा सरसकट काढून टाकली तर काय होतं? भीती तशीच राहते आणि तिचा शेवट नाहीसा होतो. चेटकीण ‘निघून गेली’ असं सांगितलं की मूल लगेच विचारतं, कुठे? ग्रेटेल तिला भट्टीत ढकलते आणि कडी लावते, तेव्हा प्रश्न उरत नाही. तिथलं फळाआधीचं क्रियापद ‘ढकललं’ आहे, आणि त्याच्या आधी एक सुंदर खोटं आहे: आत कसं शिरायचं मला कळत नाही, तुम्हीच दाखवा ना. तोपर्यंत रडणारी, भाऊ सांगेल तसं करणारी मुलगी या एका वाक्यात मोठी होते. शिक्षा गाळली तर ग्रेटेलही गाळली जाते.

वर्णन मात्र वाढवू नये. स्विस अभ्यासक माक्स ल्युथी यांनी दाखवलं आहे की परीकथेतली माणसं सपाट असतात, त्यांना आतलं शरीर नसतं. सात कावळ्यांच्या गोष्टीत बहीण काचेच्या डोंगराचं दार उघडण्यासाठी आपली करंगळी कापून किल्लीसारखी वापरते. एका वाक्यात. ना वेदना, ना पट्टी. ही सपाटीच ऐकणाऱ्याचं रक्षण करते. सांगणाऱ्याने किंकाळी काढली, रक्त रंगवलं, की तीच गोष्ट भयकथा होते. आवाज सपाट ठेवावा, क्रियापद सांगावं, पुढे जावं.

डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या कथा या मोजमापात बसत नाहीत, कारण त्या एका माणसाने लिहिलेल्या आहेत आणि त्यांना आतलं शरीर आहे. त्याच्या जलपरीला प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं. 1837 मधल्या या कथेत शेवटी तिच्या हातात खरीच सुरी असते. राजपुत्राला मारलं तर ती पुन्हा जलपरी होऊन वाचू शकते. ती सुरी समुद्रात फेकते. क्रियापद ‘फेकली’, आणि कथा इथे पूर्ण होते. पण अँडरसनने पुढे आणखी थोडा भाग जोडला. ती हवेची कन्या होते, 300 वर्षं सत्कर्म केलं की तिला अमर आत्मा मिळेल, आणि चांगलं मूल दिसलं की त्यातलं एक वर्ष कमी होतं, वाईट मूल दिसून अश्रू आला की एकेक दिवस वाढतो. जलपरीच्या यातनेचा भार ऐकणाऱ्या मुलाच्या वर्तणुकीवर टाकण्याचा हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. सुरी फेकण्यात जे आहे त्याला अशा टेकूची गरज नव्हती.

त्याच वर्षीच्या राजाच्या नव्या कपड्यांच्या कथेत मात्र तो अचूक जागी थांबतो. मूल बोलतं, अंगावर काहीच नाही. गर्दी तेच म्हणू लागते. राजालाही ते खरं वाटतं, तो शहारतो, आणि तरी ठरवतो की मिरवणूक पुरी केलीच पाहिजे. तो आणखी ताठ होऊन चालू लागतो, आणि सेवक नसलेला घोळ उचलून धरतात. ‘खरं बोलावं’ एवढंच सांगून गोष्ट आटोपली की हा शेवट निसटतो. खरं बोललं गेल्यावरही मिरवणूक थांबत नाही, हे सांगण्याचं धैर्य त्या शेवटात आहे.

गोष्ट संपल्यावर ‘मग आपण काय शिकलो?’ हा प्रश्न सगळ्यात नुकसान करतो. मूल तत्काळ मोठ्यांना हवं ते उत्तर देतं आणि गोष्ट बंद होते. त्याऐवजी कुणा एकाबद्दल विचारावं. मच्छिमार आणि त्याच्या बायकोची गोष्ट घ्या. जादूचा मासा बायकोच्या मागण्या पुरवत जातो: घर, वाडा, मग राजेपद, सम्राटपद, पोपचं पद, आणि शेवटी तिला देव व्हायचं असतं. दर खेपेला समुद्राचा रंग बदलतो. सुरुवातीला स्वच्छ असलेलं पाणी हिरवट-पिवळं होतं, मग जांभळं, काळसर, गढूळ, आणि शेवटी डोंगराएवढ्या काळ्या लाटा. तात्पर्य लोभाचं, दोष बायकोचा, असं सगळे धरून चालतात. पण समुद्रावर दर वेळी जातं कोण? नवरा. हे बरोबर नाही असं मनाशी म्हणत, तरी जातो. ‘तो का गेला?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं.

लाल टोपीवालीच्या गोष्टीचे तर तीन वेगळे शेवट आहेत. पेरोची कथा लांडग्याने तिला खाल्लं इथे संपते. कुणी वाचवायला येत नाही. तात्पर्य सांगतं की गोड बोलणारे, मवाळ लांडगे सर्वांत धोकादायक असतात. पुढे फ्रान्सच्या खेड्यांतून टिपलेल्या एका मौखिक रूपात मुलगी स्वतः सुटते. बाहेर जायचंय म्हणते, पायाला बांधलेली दोरी आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळते. ग्रिमने शिकारी आणला, पोट फाडलं, दगड भरले, आणि मुलीच्या तोंडी पुन्हा वाट सोडणार नाही असा निश्चय घातला.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. ग्रिमच्या पानावर त्याखाली आणखी थोडी गोष्ट आहे. पुढे केव्हातरी ती पुन्हा आजीकडे निघते आणि दुसरा लांडगा वाटेत भेटतो. ती थांबत नाही, थेट आजीकडे जाते आणि सगळं सांगते: एक लांडगा भेटला, नमस्कार म्हणाला, पण त्याची नजर वाईट होती. दोघी दाराला कडी लावतात. लांडगा छपरावर चढून अंधाराची वाट पाहत बसतो. घरासमोर दगडाचं मोठं डोणं असतं. आजी म्हणते, काल मी सॉसेज उकडले होते, ते पाणी बादलीने त्यात नेऊन ओत. मुलगी डोणं भरेपर्यंत खेपा घालते. वास छपरापर्यंत जातो, लांडगा मान पुढे काढतो, आणखी पुढे काढतो, घसरतो, आणि डोण्यात पडून बुडतो. मग लाल टोपीवाली आनंदाने घरी जाते, आणि वाटेत तिला कुणी काही करत नाही.